देवघराकडं नळाचं तोंड

आमच्या संडासाच्या भांड्याभोवती पाणी का पाझरत होतं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. आजवर मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. संडासाची कसली गोष्ट लिहायची, असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल पान उलटावं. मला आता कुणाची भीड उरलेली नाही, गेलेल्या बापाचीसुद्धा नाही.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. बायांना पहाटे नळदुर्गाबाहेर शेताकडं जायची भीती वाटावी, असे दिवस आले होते. म्हणून अप्पांनी, माझ्या वडिलांनी, सोलापुराहून संडासाचं चिनी मातीचं भांडं आणि मैला वाहून न्यायचे नळ आणवले. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं गाडीतलं गवत बाजूला केलं. "ये क्या है सेठ? घोड्याला चंदी घालायचं?"

"व्हय, घोड्याचंच," अप्पा म्हणाले. जकात भरली, पण संडास हा शब्द काही तोंडातून काढला नाही.

मिस्त्रीनं परसात चर खणून नळ नुसते मांडले. प्रत्येक नळाचं एक टोक रुंद, त्यात दुसऱ्याचं अरुंद टोक बसायचं. रुंद तोंडं भांड्याकडं, म्हणजे पाणी येणार त्या बाजूला. सांधे उद्या चुन्यानं भरतो, असं सांगून तो गेला. मग अप्पांनी चरात वाकून बघितलं आणि ते माझ्यावर तापले. भांड्यापलीकडच्या भिंतीला आमचं देवघर होतं.

"आ वासलेली तोंडं देवाकडं? फिरव सगळी!"

मी कळता होतो, लग्न झालेला होतो. उलट्या नळात पाणी काठावर आपटून सांध्यात शिरणार, हे मला दिसत होतं. तरी एकेक नळ फिरवला, चुना भरला, वर माती लोटली. सकाळी चर बुजलेला बघून मिस्त्रीनं विचारलं, "सांधे भरले मालक?" "भरले," म्हणालो. त्यानं भांडं बसवलं.

थोड्याच दिवसांत भांड्याच्या कडेनं ओल धरली. अव्वानं, माझ्या आईनं, सगळं माझ्या बायकोवर ढकललं.

"डबा वततीस का वढा सोडतीस?"

"आत्याबाई, माझ्या हातनं थेंब सांडत न्हाय."

"मग काय जमिनीला पान्हा फुटला व्हय?"

ती गोणपाटानं कडा पुसायची. पुसून उठली की पाणी पुन्हा यायचं. मी ओट्यावर बसून बघायचो. शेवटी अप्पांनी फर्मान काढलं, "हिला जळकोटला माहेरी सोडून ये. जमीन वाळली की आणायचं बघू." म्हणजे ती परत येणार का नाही, ते त्या ओलीवर.

मी गाडी जुंपायला उठलोही. ती उठली नाही. भांड्याच्या कडा कोरड्या करून तिनं भोवती चुलीतली राख पसरली, भिंतीला लावायची लाल काव घागरीतल्या पाण्यात कालवली आणि सासऱ्यासमोर उभी राहून पहिल्यांदा बोलली.

"मामंजी, ही घागर आत्याबाईंनी आपल्या हातानं वतावी. राख कोरडी राहिली तर मी सांडत हुते, आत्ता गाडीत बसते. लाल झाली तर पाणी आतनं येतंय. मग कुणाला कुठं धाडायचं ते बोला."

अव्वानं बाळाला न्हाऊ घालावं तशी जपून घागर ओतली. जरा वेळानं राखेत लाल रेघ उमटली. मग दुसरी. अव्वा डोक्यावरचा पदर सावरत मागं सरकली.

"मिस्त्री चोर निघाला," अप्पा म्हणाले.

"चोर कोण ते खणल्यावर कळंल," ती म्हणाली.

मी पहार उचलली. अप्पा ओरडले, "त्या घाणीत हात घालून पुन्हा देवघरात पाय ठेवशील?"

"न्हाय ठेवणार."

बापाला मी उलट बोललो ते तेव्हा पहिल्यांदा. फरशी फोडली, हातानं चिखल उपसला. सांध्यांसांध्यांतून लाल पाणी गळत होतं. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी चिखलाकडं. "नळ उलटे हायेत," एवढंच मी म्हणालो. कुणी फिरवले, ते ना त्यांनी सांगितलं ना मी. मग मीच ते सुलटे केले, तोंडं देवाकडं. अप्पांनी देवघर दुसऱ्या खोलीत नेलं. देवाचं काही बिघडलं नाही, आमचंही नाही. ओल थांबली. ती जळकोटला गेली नाही.

मिस्त्रीला मात्र त्या गल्लीत पुन्हा कुणी काम दिलं नाही.

आजही मुली घरी आल्या की ती कौतुकानं सांगते, "तुमच्या वडलांनी माझ्यासाठी पहार उचलली, आजोबांपुढं छाती काढून उभे राहिले." मी मान खाली घालून जेवत राहतो. ते कौतुक मी फुकट खाल्लं आहे, हे आता छापून येऊ दे, लोकांना हसायचं तर हसू दे.

पण कागदावर लिहिणं सोपं आहे. नळ मी फिरवले होते, आणि सगळं माहीत असून तिला ओल पुसताना बघत बसलो होतो, हे तिच्या समोर बसून तोंडानं सांगणं अजून माझ्याकडून बाकी आहे.