कनी वाचली नाही

“हिची जुनीच साडी असू दे,” अम्मा आपल्या बहिणीला म्हणाल्या. “नवी नेसली तर निर्वासित वाटणार कशी?”

मराठीत म्हणाल्या. माझ्याशी त्या तमिळच बोलायच्या. मी शेजारीच उभी होते, हातात कॉफीचा ट्रे घेऊन. तंजावरच्या त्या सभागृहात अम्मांच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. मुलांसाठी कादंबरी. लंकेतल्या युद्धातून होडीने पळालेल्या दोन बहिणींची. पापनाशमहून शाळेच्या मुली बसने आणल्या होत्या.

अम्मा तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांच्या घरी मी नऊ वर्षं स्वयंपाक करत होते. मराठी मला कोणी शिकवली नाही. माझ्याबद्दल बोलायचं झालं की ते घर मराठीत शिरायचं. म्हणून शिकले. कळतंय हे कधी दाखवलं नाही. भीती होती. निर्वासितांच्या छावणीतल्या बाईला कामाला दुसरं घर सहज मिळत नाही.

दुपारी शेवग्याच्या शेंगा सोलताना अम्मा विचारायच्या. होडी केवढी? माणसं किती? मी तेव्हा बारा वर्षांची, धाकटी कनी पाच. होडीवाल्याने आम्हाला पहाटे समुद्रातल्या वाळूच्या बेटावर उतरवलं. म्हणाला, किनारा पुढेच आहे. पुढे पाणीच होतं. दोन दिवस नुसतं ऊन. बाटलीत चार घोट उरलेले. आईने ते मला पाजले, कारण मी अजून उभी राहू शकत होते. कनी मागत राहिली. मग मागायची थांबली.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. अम्मांना सांगितलं. त्या रडल्या. मला वाटलं, माणूस भेटलं.

मंचावर अम्मांनी पुस्तकाचा शेवट तमिळमध्ये वाचला. नाव तेच, कनी. पण पुस्तकातल्या कनीला कोळी वाचवतात. तंजावरच्या मोठ्या घरातली एक बाई तिला पोटच्या मुलीसारखी वाढवते. कनी वीणा शिकते.

टाळ्या.

मला वर बोलावलं. “हीच ती मोठी बहीण!” परत टाळ्या. पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली.

“अक्का, कनी आता कुठे असते?”

“सुखात आहे म्हण,” अम्मा माझ्या कानाशी लागल्या. मग बहिणीकडे वळून, हसत, मराठीत, “ही काय बोलणार! मान डोलावली तरी पुरे.”

“मला मराठी कळते, अम्मा,” मी मराठीतच म्हणाले. “नऊ वर्षं कळते.”

त्यांच्या हातातला माईक मी काढून घेतला. त्या मुलीकडे बघून तमिळमध्ये सांगितलं.

“कनी मेली. तहानेने. आईने हातांनी वाळू उकरून तिला पुरलं. तुझ्याहून लहान होती ती.”

कोणीतरी माईक बंद केला. बाहेर पायऱ्यांवर अम्मांनी मला गाठलं. “मुलांना आशा द्यावी लागते ग.” माझ्याशी पहिल्यांदा मराठीत.

“मग दुसरं नाव घाला. कनीचं काढा.”

“छापून झालंय.”

मी कामावर परत गेले नाही. आईला सांगितलं. तिने इतक्या वर्षांत ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. “सगळ्यांसमोर घेतलंस?” तिने विचारलं. घेतलं म्हटलं. मग ती भिंतीकडे तोंड करून बसली.

पुस्तक आता शाळाशाळांत वाटतात. तिरुवैयारुच्या शाळेत गेलं, तिथे मी गेले. आत घेतलं नाही. फाटकाशी उभी राहिले, शाळा सुटल्यावर मुलींना खरं सांगितलं. शिपायाने दंडाला धरून बाजूला केलं. उद्या ओरत्तनाडु. तिथूनही हाकलतील. पुढच्या शाळेत जाईन. माझी बहीण मेली आहे. तिला कोणाच्या मोठ्या घरात मी जगू देणार नाही.