मावशी तसं म्हणाल्याच नव्हत्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही.

रायपूरला रेल्वेत कारकुनी केली, त्यामुळे इथल्या आमच्या विहारात इंग्रजी बोलणारा मीच. जर्मनीहून आलेली हाना म्हणूनच माझ्या वाट्याला आली. एकदा विचारलंच तिला — घरचा येशू सोडून इतक्या लांब कशाला आलीस? म्हणाली, चर्चमध्ये लहानपणापासून ‘तू पापी’ एवढंच ऐकलं; इथं डोळे मिटून बसले तर कुणी काही विचारत नाही.

माझ्या आजोबांना देवळाची पायरी चढू दिली नाही, म्हणून आम्ही बुद्धाकडे आलो. आणि जिला सगळी दारं उघडी, तीही आमच्याच दारात! छाती फुगली हो माझी. बुद्धपौर्णिमेला गोरी उपासिका वंदना म्हणणार, असं अख्ख्या पारा-मोहल्ल्यात सांगत सुटलो. गोल बाजारातून तिच्यासाठी पांढरी साडी आणली.

चार दिवस आधी तिला घरून फोन आला. आई अत्यवस्थ होती. हानानं चर्च सोडल्यापासून दोघींचं बोलणं तुटलेलं — आता आईच बोलावत होती. जावं का? तिनं सुगंधामावशींना विचारलं. विहारातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या त्याच. दुभाष्या मी.

मावशी म्हणाल्या, “माय बिमार हाय, अन् हे पोट्टी इथं काहून बसून राहिली? जाय म्हणा तिले. मायसंग चर्चात मेणबत्ती लाव म्हणा. बुद्ध काही रागवत नाही.”

आणि मी काय सांगितलं? — मावशी म्हणतात, मोह सोड. पौर्णिमेपर्यंत थांब.

ती थांबली. पांढऱ्या साडीत वंदना म्हणाली. फोटो निघाले; प्रत्येकात मी तिच्या शेजारी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई गेली.

हाना रडत विहारात आली, तेव्हा मावशींनी तिला कुशीत घेतलं आणि मला विचारलं, “मंग गेली काहून नाही ते?”

“तिकीटच नाही भेटलं, मावशी,” मी म्हणालो. एवढं सहज खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

मावशी आता नाहीत. दर बुद्धपौर्णिमेला हानाचा मेसेज येतो — आईसाठी एक मेणबत्ती लावली, आणि मोह सोडायला शिकवणाऱ्या मावशींसाठी एक. मी वाचतो. लाज वाटते. मावशी तसं म्हणाल्याच नव्हत्या, एवढं एक वाक्य दरवर्षी लिहितो आणि पुसतो.

मग हात जोडल्याचं चित्र पाठवतो.