तळटिपांच्या वाटेने: राऊत सरांचा वाचनवर्ग

राऊत सरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते अलिबागच्या आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसले होते. समोर इंग्रजी ज्ञानकोशाचा जाडजूड खंड उघडा होता, नजर मात्र खिडकीबाहेर, समुद्राकडे. दुपारची वेळ, पंख्याचा मंद आवाज, पानं आपसूक उलटत होती. मी दाराशी चांगली दहा मिनिटं उभी राहिले. मग ते वळले आणि म्हणाले, "या, बसा. ओहोटीविषयी वाचत होतो, तर पाणी बघण्यातच राहून गेलं."

सर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. तरी दर शनिवारी दुपारी ते ग्रंथालयात येत आणि आमच्यासारख्यांना इंग्रजी शोधनिबंध वाचायला शिकवत. आमच्यासारख्यांना म्हणजे मराठी माध्यमातून आलेल्या, इतिहासात एम. ए. करणाऱ्या आणि इंग्रजी पान दिसलं की पुस्तक मिटून टाकणाऱ्यांना. मी खारेपाटातली, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातली. वडील भातशेती करणारे. एक पान वाचायला मला दोन तास लागत, कारण प्रत्येक शब्द कोशात बघून त्याचा अर्थ मी पेन्सिलीने वर लिहीत असे. असं काळंभोर झालेलं एक पान मी मोठ्या अभिमानाने सरांना दाखवलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शब्द सगळे सापडलेले दिसतात," ते हळूच म्हणाले, "पण लेखक काय म्हणतोय?" मी पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले.

त्यांची पद्धत अगदी साधी होती. आधी सारांश वाचायचा, मग शेवट, मग संदर्भसूची. कोश शेवटी उघडायचा, आणि तोही ज्या शब्दावाचून गाडी अडते त्याच शब्दासाठी. पण खरी मेहनत समासात असे. प्रत्येक महत्त्वाच्या विधानापुढे दोन प्रश्न लिहायचे: कोण म्हणतं? कशावरून म्हणतं? उत्तर तळटिपेत असेल, तर त्या तळटिपेतलं पुस्तक काढायचं. त्यातही तळटीप असेल, तर आणखी मागे जायचं. सर स्वतः या वाटेने निघाले की कुठे पोहोचतील याचा नेम नसे. एकदा भरतीवरचा एक शब्द बघायला कपाटापाशी गेले आणि तासाभराने परतले ते जुन्या दीपगृहांविषयी बोलत. आम्ही तोवर चहा पिऊन आलो होतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मला मोठ्याने वाचायची लाज वाटे. माझे उच्चार ऐकून एकदा मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. पुढच्या शनिवारी सरांनी एक पोर्तुगीज तळटीप आणली आणि ती सगळ्यांसमोर अडखळत, चुकत वाचली. "मला ही भाषा येत नाही," ते म्हणाले, "पण कुणाचा हवाला दिलाय तेवढं कळलं. तेवढ्यासाठी अडखळायला हरकत नाही." त्या दिवसापासून मी वाचताना आवाज खाली घेतला नाही.

आता खरी गोष्ट सांगते. ती सांगताना आजही मला माझीच लाज वाटते.

पुढे मी पीएच. डी.ला आमच्या भागातल्या खारबंदिस्तीचा, म्हणजे खाडीचं पाणी शेताबाहेर अडवणाऱ्या बांधांचा, इतिहास घेतला होता. बाबा तरुण असताना आमच्या गावचा खाडीकडचा बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं आणि कित्येक वर्षं भात पिकलं नाही. एका इंग्रजी शोधनिबंधात मला वाचायला मिळालं, की खाऱ्या पाण्याबरोबर शेतात येणाऱ्या मासळीच्या लोभाने गावकऱ्यांनीच तो बांध फोडला. दुसऱ्या दोन पुस्तकांतही तेच होतं. मी ते प्रकरणात लिहून टाकलं आणि घरी जेवताना बाबांना सांगितलं.

बाबांचा हात थांबला. "आमी न्हाय फोरला बांध, बाय. उघारीची फली कुजलेली व्हती." उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार.

"बाबा, तीन ठिकाणी छापलंय. इंग्रजीत."

"छापलाय त खरा असल," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले. त्यानंतर त्यांनी माझ्या अभ्यासाची चौकशी करणं सोडलं. शिकून शहाणी झालेली लेक मी, बापाला खोटं ठरवून मोकळी!

प्रकरण विद्यापीठात द्यायला पंधरा दिवस उरले होते. सरांनी ते वाचलं आणि त्या वाक्यापुढे लिहिलं, कशावरून? मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "सर, तीन संदर्भ आहेत." सरांनी तिन्ही तळटिपा शेजारी शेजारी ठेवल्या. शोधनिबंधाने एका पुस्तकाचा हवाला दिला होता, त्या पुस्तकाने दुसऱ्याचा, आणि दुसऱ्याने एका जुन्या चौकशी अहवालाचा. "हे तीन नव्हेत," सर म्हणाले. "एकाच विहिरीचं पाणी तीन हंड्यांत भरलंय. विहीर बघून येऊ."

गुडघे दुखत असतानाही ते माझ्याबरोबर एसटीने एका जुन्या दप्तरखान्यात आले. दुसऱ्या दिवशी दुपारी अहवाल हाती लागला. धुळीच्या वासात, पिवळ्या उजेडात मी ते इंग्रजी वाक्य बोटाने शोधलं. बांधाच्या दुरुस्तीचं काम असलेल्या ठेकेदाराचं म्हणणं असं आहे, की गावकऱ्यांनी बांध फोडला. म्हणजे होतंच की. माझा धीर सुटला, मी अहवाल मिटू लागले.

"पान उलटा," सर म्हणाले.

मागच्या पानावर चौकशी अधिकाऱ्याने स्वतः पाहिलेलं लिहिलं होतं. उघाडीच्या फळ्या कुजलेल्या होत्या, त्याबद्दल गावाने आधी दोनदा अर्ज केले होते आणि ठेकेदाराच्या म्हणण्याला आधार मिळाला नाही. हे पान इतक्या वर्षांत कुणी उलटलंच नव्हतं. मी तिथेच रडले. सर खिडकीबाहेर बघत राहिले, आणि या वेळी ते मुद्दाम बघत होते.

परतताना मी त्या निबंधकारावर तोंडसुख घेऊ लागले. सरांनी थांबवलं. "त्यांचं एक पान राहिलं. आपलीही राहतात. आता वडिलांना नीट विचारा, लिहून घ्या आणि तळटिपेत त्यांचं नाव घाला." मी म्हटलं, "त्यांचं खरं निघालं म्हणून?" सर म्हणाले, "नाही. ते तिथे होते म्हणून."

घरी गेल्यावर मी ते पान बाबांना मराठीत वाचून दाखवलं आणि पाया पडले. पुढच्या तीन संध्याकाळी ते बोलत होते, मी लिहीत होते. प्रबंध बांधून आला तेव्हा त्यांनी विचारलं, "माजा नाव कुठं हाय?" मी पान काढून दाखवलं. इंग्रजी येत नसलेल्या माझ्या बापाने पानाच्या तळाशी असलेल्या त्या बारीक ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

सरांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी शुभेच्छा लिहायला बसले, आणि माझ्या पदवीचे सगळे शब्द अपुरे पडले. म्हणून बाबांनाच विचारलं, सरांना काय लिहू? ते म्हणाले, "त्यांना बोल, तब्येत सांबाला न् अजून लय वरसा र्‍हावा. अजून कितीतरी बापांचा खरा निंगायचा हाय."

सर, हे कोण म्हणतं आणि कशावरून म्हणतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा एवढं ऐकाच.