पाण्यात टाकलेली चिमूट

हॉस्पिटलातल्या शेवटच्या आठवड्यात हिचं बोलणं तुटक झालं होतं. पाणी मागायची, पाय चेपायला सांगायची, आणि मध्येच डोळे उघडून मला विचारायची, "कांबळ्यांच्या मुलीचं पोट दुखायचं थांबलं का हो?" मी सांगायचो, "थांबलं गं. केव्हाच थांबलं." मग ती डोळे मिटायची. थोड्या वेळाने परत तेच. वॉर्डातल्या नर्सबाईंना वाटलं, ही आमची नात असावी आणि कुठेतरी आजारी असावी. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलंसुद्धा. आता त्यांना काय सांगणार? कांबळ्यांची सुनीता सातवीत आहे, धडधाकट आहे, दोरीवरच्या उड्या मारते. तिचं पोट दुखलं ती पहिलीत असताना. पण आमच्या यशोदाचा जीव त्या पोटदुखीत जो अडकला तो अडकलाच. तिला जाऊन आता दीड महिना होईल. मला लिहायची सवय नाही, पण ही गोष्ट कुणाला तरी सांगितल्याशिवाय मलाही चैन पडायचं नाही.

आमचा धंदा मसाला कांडपाचा. संपात माझी गिरणी बंद पडली ती परत उघडलीच नाही. पन्नाशी उलटलेला, चौथी शिकलेला माणूस, मला दुसरी नोकरी कोण देणार? गावच्या जमिनीतला वाटा भावाला लिहून दिला आणि घाटकोपरला भटवाडीच्या चढावर एक पत्र्याचा गाळा आणि जुना डंक घेतला. लोखंडाची तीन उखळं, त्यात पट्ट्यावर वरखाली होणारी जड मुसळं, आणि चालू केला की अख्ख्या गल्लीला शिंका. मोटर मी बघायचो, बाकी सगळं हिचं. होळीपासून मृगापर्यंत बायका वर्षाचा मसाला करतात. मिरच्या वाळवून, देठ काढून, धणे-खसखस भाजून पिशव्या घेऊन यायच्या आणि आपापल्या उखळासमोर स्टुलावर बसायच्या, कारण आपला मसाला दुसऱ्याच्या भरवशावर कोणी बाई सोडत नाही. नाकाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी गाळत, पण नजर उखळात.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं. उखळ कितीही पुसा, आधीच्या बाईचा चिमूटभर मसाला तळाला राहतोच. तो पुढच्या बाईच्या मसाल्यात जातो, तिचा तिच्या पुढचीच्या. त्याला कोणाची हरकत नसायची. आमच्या समोरच्या चाळीतल्या राणेबाई, तोंडाने तिखट, त्या म्हणायच्या, "माझ्यात कांबळेबाईंचा आला वाटतं, म्हणून यंदा नवरा आमटी मागून घेतोय!" सुरुवातीला एक-दोघी हळूच म्हणाल्या होत्या, काकी, आम्हाला कांबळेबाईंच्या मागचा नंबर नको. हिने फटकन सांगितलं, "उखळाला जात नसते. रांगेत बसायचं नसेल तर घरी पाटा आहे, त्यावर वाटा." त्यानंतर तो विषय निघाला नाही.

पण मृग लागला की डंक मुका. घराचं भाडं काही मुकं होत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात चार पैसे येत असतानाच आम्हाला पावसाळ्याची धास्ती असायची. दुसऱ्या वर्षीच्या मोसमात एक व्यापारी आला. नाव लिहीत नाही, त्याचीही पोरंबाळं आहेत. गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "काकी, माझा माल बारा महिने कुटायचा. पाऊस असो, दिवाळी असो. तुम्ही फक्त मोटर चालू ठेवायची." आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी ही पोटभर जेवली. शनिवारी त्याची पोती आली. मिरची आधीच भरडलेली, वर तेल लावलेलं. "तयार करूनच पाठवलीय, तुम्हाला त्रास नको," असं त्याचा माणूस बोलला. आम्ही कुटून दिली, त्यांनी नेली. रविवारी नेहमीच्या बायका आल्या. पाच-सहा घरांचा मसाला त्या दिवशी झाला. पहिला नंबर कांबळेबाईंचा होता.

सोमवारी सकाळी ही भाकरी करायला बसली. मी चहा पीत होतो. तिने हाक मारली, "अहो, इकडे या." परातीतलं तांदळाचं पीठ गुलाबी झालं होतं. तिने दोनदा साबणाने हात धुतले होते. बोटं तशीच लाल. म्हणाली, "मिरचीने हात झोंबतो. रंगत नाही." मी म्हणालो, अगं, मिरचीच भडक असेल. ती गाळ्यात गेली, त्या पोत्यांतलं सांडलेलं चिमूटभर कागदावर घेऊन आली आणि काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाकलं. आमचा घरचा मसाला पाण्यात टाकला तर थोडा वेळ तरंगतो, मग दमल्यासारखा खाली बसतो. पाणी जरासं पिवळसर होतं, तेवढंच. यातून लाल धागे सुटले. सरळ तळापर्यंत. कुणीतरी कुंकू ओतल्यासारखे. आम्ही दोघं बघत राहिलो... भाकरी तव्यावर करपली तरी कोणाचं लक्ष नाही.

"रविवारच्या सगळ्या घरांत गेला हा," ती म्हणाली.

मी म्हणालो, "चिमूटभर गं. चिमटीने कोण मरतं?"

"पहिल्या घरात चिमूट नाय. कांबळ्यांकडे मूठभर तरी गेला असेल. घरात लहान मुलगी आहे."

मी तिला सरळ सांगितलं, गप्प बस. त्या व्यापाऱ्याला उद्यापासून नको म्हणू, उखळं सोड्याने घासू, आणि विषय संपवू. डंकाचं काय आहे, एकदा नाव खराब झालं की लोखंड भंगारात विकायचं. गिरणी गेली, जमीन गेली, आता हेही घालवायचं काय? मी खोटं काही बोललो नव्हतो. आजही मला वाटतं, माझं सगळंच चूक नव्हतं. आमच्यासारख्यांनी खरं बोलायचं म्हणजे खिशात काहीतरी पाहिजे. पण ही चिडली की थेट गावच्या बोलीवर यायची. "तुमका पटो नाय पटो, मी जातलंय," म्हणाली आणि डोक्यावर पदर घेऊन निघाली. मी तिच्या मागे गेलो. तिला अडवायला की सोबतीला, ते चालताना माझं मलाच ठरत नव्हतं.

पहिलं दार कांबळेबाईंचं. साताऱ्याकडची बाई, कारखान्यात पॅकिंगला जायची, बोलायला कमी. हिने दारातच सगळं सांगितलं. मला वाटलं, बाई आता ओरडणार. त्या ओरडल्या नाहीत. आत गेल्या, बरणी आणली, वरचा हिंगाचा खडा बाजूला काढून आत बघितलं. म्हणाल्या, "काकी, वर्षाचा आहे हो. आता परत मिरच्या कुठनं आणू?" ही म्हणाली, "तो आण इकडे. माझ्या घरचा घे." आमचा स्वतःचा वर्षाचा मसाला तसा गेला. पुढच्या घराला तोही पुरला नाही. मग पावसाआधी गाळ्याचे पत्रे बदलायला ठेवलेले पैसे होते, ते मिरचीत गेले. बाकीच्या घरांना हिने नवा मसाला करून दिला. देठ काढायला मीही बसलो. बोटं अशी जळत होती की रात्री झोप नाही, आणि झोप यायला मन तरी कुठे जागेवर होतं?

राणेबाईंचा मसाला त्याच रविवारचा. त्यांनी मात्र गॅलरीत उभं राहून अख्ख्या चाळीला ऐकवलं. "आमच्या घरात रंग भरलास आणि आता बरण्या घेऊन फिरतेस होय गं? होळी संपली, कळलं नाही वाटतं तुला?" खालचे लोक हसले. ही मान खाली घालून उभी. म्हणाली, "तुमचा माझ्याकडे द्या राणेबाई, उद्यापर्यंत बदलून देते." राणेबाईंनी बरणी दाणकन पायरीवर ठेवली. फुटली नाही हे नशीब.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत शिंका बंद. मोसम ऐन भरात आणि आमची तिन्ही स्टुलं रिकामी. बायका पिशव्या घेऊन आमच्या समोरून खालच्या रस्त्यावरच्या डंकाकडे जायच्या. त्यात कांबळेबाईंकडून निरोप आला, सुनीताचं पोट दुखतंय, उलट्या होतायत. ही तांब्याभर ताक घेऊन धावली. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या दारात. "आज कसं आहे? काय खाल्लं? शी कशी झाली?" कांबळेबाई शेवटी म्हणाल्या, "काकी, डॉक्टर म्हणाले, पोरीने कच्च्या कैऱ्या खाल्ल्यात. बरी होतेय." पण हिचा विश्वास बसेना. डॉक्टरला तरी काय ठाऊक आत काय गेलंय, म्हणायची. पोरगी चार दिवसांत खेळायला लागली. कैऱ्या होत्या की तो रंग, ते कोणालाच कळलं नाही. तेच वाईट झालं. एकदा कळलं असतं, तर रडून मोकळी झाली असती.

तेवढ्यात व्यापारी दुसरी पोती घेऊन हजर. हिने पोतं गाळ्यात उतरवूच दिलं नाही. तो म्हणाला, "काकी, खायचाच रंग आहे. सगळे घालतात. गिऱ्हाईकाला लाल दिसलं नाही तर तो घेतच नाही, मी काय करू?" ही म्हणाली, "मग त्यांना सांगून घाला. पाकिटावर लिहा." तो हसला. "आणि मी बाहेर सांगितलं की रंग तुमच्याच डंकात मिसळला, तर? माझ्याकडे माणसं आहेत, तुमच्याकडे कोण आहे?" मी दारात पाना हातात घेऊन उभा होतो. ही म्हणाली, "सांगा. गल्लीत सांगायचं ते मी आधीच सांगून आले." त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. जाता जाता टोमणा मारलाच, "मग पावसाळ्यात काय कुटणार? वारा?" ही म्हणाली, "वाराच कुटीन. त्याला रंग लागत नाही."

बोलायला ठीक होतं. त्या पावसाळ्यात गाळा गळत होता, मोटरवर प्लास्टिक घातलेलं, आणि ही लोकांच्या गोधड्या शिवत बसायची. मी एका कारखान्यात वॉचमनकी केली. बाहेर कोणी पिशवीवाला साहेबासारखा माणूस दिसला की हिला वाटायचं, आला तपासायला, आता डंकाला कुलूप लागणार. कोणी आलं नाही. पण ती वाट बघायची ती बघायचीच.

पुढची होळी झाली. उखळं घासून, पट्ट्याला राळ लावून आम्ही बसलो. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. मी मनात भंगारवाल्याचा भाव धरायला लागलो होतो. तिसऱ्या दिवशी राणेबाई पिशवी घेऊन आल्या, स्टुलावर बसल्या आणि पिशवीतून स्वतःच्या घरचा काचेचा ग्लास काढला. "हे बघ काकी, कुटून झालं की आधी पाणी दाखवायचं. माझ्यासमोर. तू खरं बोललीस म्हणून आलेय, पण भरवसा परत उधार देणार नाही." हिने ग्लास घेतला. कुटून झाल्यावर चिमूट टाकली. राणेबाई वाकून बघत होत्या, आणि त्यांच्याहून जास्त वाकून ही. पाणी पिवळसर. राणेबाई शिंकल्या आणि म्हणाल्या, "झकास. आता चाळून दे." तो ग्लास त्यांनी परत नेलाच नाही. फळीवर पालथा राहिला. त्यानंतर दर गिऱ्हाइकाला, न विचारता, हिने चिमूट टाकून पाणी दाखवलं. स्वतः मात्र एकदा बघून तिचं भागायचं नाही. उजेडाकडे धरायची, मला दाखवायची, "लाल दिसतं का हो? नीट बघा." मी वैतागायचो. रांगेतल्या बायका हसायच्या. पुढे कितीही मोसम बरे गेले, तरी तिची ही धाकधूक गेली नाही.

यंदा होळी झाली तरी मी गाळा उघडला नव्हता. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. लाल काय, पिवळं काय, मला सगळं मळकंच दिसतं. बघणारी गेली, आता कोणाच्या भरवशावर कुटू? पाकिटातला मसाला करणारा एकजण गाळा भाड्याने मागतोय. भाडं चांगलं सांगतो. त्याच्या मालात काय असेल ते त्याला ठाऊक. मी त्याला हो म्हणालो नाही, आणि नाही म्हणायलाही जीभ वळत नव्हती, कारण पोट आहे.

गेल्या रविवारी कांबळेबाई आणि सुनीता पिशव्या घेऊन दारात. "तात्या, उघडा." मी म्हणालो, "मला दिसत नाही बाई." त्या म्हणाल्या, "हिला दिसतंय ना." मी कुलूप काढलं. मोटर लावली, कुटलं, बंद केली. सुनीताने फळीवरचा ग्लास घेतला, पाणी भरलं, चिमूट टाकली.

"काय दिसतंय गं?"

"पिवळसर, आजोबा."

"लाल धागा?"

"नाही."

"उजेडाकडे धर. नीट बघ."

"आजोबा, तिसऱ्यांदा विचारताय!"

मग माझ्या तोंडून आपोआपच निघालं, "तुझं पोट दुखत नाही ना गं आता?" ती खो खो हसायला लागली. कांबळेबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिच्या हातातला ग्लास घेतला, धुतला, पदराने पुसला आणि फळीवर होता तिथे पालथा ठेवला.