चप्पल पत्र्यावर, वर्ग फळ्याकडे

एकवीस वर्षं मास्तरकी केली की पेन्शनआधी किस्सेच जमा होतात. तलासरीच्या आमच्या शाळेतले बरेचसे हसवणारे आहेत. नववीच्या वर्गातले हे मात्र सांगतानाही दमायला होतं.

*

कल्पना लांबच्या पाड्यावरून यायची. धडा वाचायला उभी राहिली की तन्वी आणि तिची गँग तिच्या बोलण्याची नक्कल करायची. एक दिवस कल्पनाची चप्पल शाळेच्या पत्र्यावर सापडली.

"कोणी फेकली?" मी विचारलं.

बेचाळीस मुलं फळ्याकडे बघत राहिली. फळा कोरा होता!

*

मग तक्रारपेटी लावली. महिनाभर एकही चिठ्ठी नाही. मी खूश!

नंतर लक्षात आलं, पेटीची किल्ली मॉनिटरकडे असते. मॉनिटर तन्वी. आणि किल्ली तिच्या हातात मीच दिली होती.

*

निबंध दिला, 'मैत्रिणीला कोणी छळलं तर'. सगळ्यांनी लिहिलं, "मी मध्ये पडेन." सगळ्यांना छान शेरे दिले.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत कल्पनाचा डबा नळाखाली उपडा झाला. आमची शूर मंडळी शेजारच्या नळाला पाणी पीत होती.

*

कल्पनाच्या बाकावरच्या जागृतीला बाजूला घेतलं. "अगं, तू तरी बोलायचंस!"

"सर, शाळा सुटली का तुम्ही डहाणूला जाता. आम्ही तन्वीच्या पप्पांच्या इकोमधून घरी जातो. दुसरी गाडीच नाय."

 

*

शेवटी कल्पनाची आई आली. घोलवडला चिकूच्या वाडीत कामाला जाते, त्या दिवशी खाडा करून आलेली.

"सर, दाखला द्या. पोरगी नको बोलते शाळा."

"ताई, आठ दिवस थांबा," एवढंच म्हणालो आणि तडक वर्गात गेलो. आवाज चढलाच. "एक मुलगी शाळा सोडून चाललीय! सगळं तुमच्या डोळ्यांसमोर होतं आणि एकालाही तोंड उघडता येत नाही? का?"

जागृती उभी राहिली. मला जरा बरं वाटलं.

"सर, काल ऑफिसात हेडसर शिपाईमामांना सगळ्यांसमोर ओरडत होते. 'अक्कल गहाण टाकली काय' बोलले. मामा रडले. मी खडू न्यायला आलेली."

"बरं, मग?"

"तुम्ही चहात बिस्कीट बुडवत होता."