शंभर मुलांमागची घट

ते प्रकरण निघालं की आजही माझी मान खाली जाते. छत्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण ज्या तपासाची लाज वाटते तो साध्या कागदचोरीचा होता. नावं कोणाचीच सांगणार नाही. ओळखणारे ओळखतीलच.

अमळनेरच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. गावाबाहेर, पूर्वी जिथे कपाशी उभी असायची तिथे, एक इंटरनॅशनल स्कूल उभी राहिली होती. काचेची इमारत, पिवळ्या बसगाड्या, गेटवर टाय बांधलेला वॉचमन. तिचा अध्यक्ष माझा वर्गमित्र. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही एकाच बसकरावर बसायचो. तो माझी गणितं बघून लिहायचा आणि दहावीला दोनदा आपटला. पुढे वडिलांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये बसला, आणि तिथल्या पैशावर ही शाळा काढली.

खोटं कशाला सांगू, माझ्या पोटात दुखायचं. रोज सकाळी ठाण्याकडे निघालो की त्याच्या चार बसगाड्या जीपला ओलांडून जायच्या. बायको म्हणायची, "आपल्या मुलीला तिथे घालू या का?" फी वर्षाला नव्वद हजार, बस आणि गणवेश वेगळा. मी उडवून लावायचो, "तिथे काय इंग्रजीत पोहायला शिकवतात?" खरं कारण निराळं होतं. माझी गणितं उतरवणाऱ्याच्या खिडकीपुढे मी फी भरायला रांगेत उभा राहायचं? छे!

एक दिवस सकाळच्या हजेरीनंतर टपालात माझ्या नावाचा जाड लिफाफा आला. खाली सही नाही. आत शाळेच्या ताळेबंदाच्या झेरॉक्स, आणि हाताने लिहिलेला एक कागद. त्यावर शंभर मुलांमागे फी किती येते आणि जाते कुठे, याची मांडणी होती. शिक्षकांचे पगार पाव हिस्सासुद्धा नाहीत. सगळ्यात मोठा आकडा इमारतीच्या भाड्याचा, आणि इमारत अध्यक्षाच्या बायकोच्या नावावर. बसगाड्यांचा ठेका मेहुण्याला. गणवेशाचं दुकानही घरचंच. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेला वर्षाचं शुल्क, ते केवळ पाटीवर 'इंटरनॅशनल' लिहिता यावं म्हणून. संस्था धर्मादाय, म्हणून कागदावर दरवर्षी तोटा. तळाशी एक ओळ होती : 'बाकीचं हिशेबाच्या अक्कांना विचारा.'

वाचताना मला काय आनंद झाला म्हणून सांगू! चहा मागवला आणि तो कागद तीनदा वाचला.

दुपारी अध्यक्ष स्वतःच ठाण्यात हजर. तोच कागद पालकांच्या मोबाइलवर फिरला होता आणि पन्नासेक पालक गेटवर जमले होते. फिर्याद दिली : कार्यालयातून गोपनीय कागदांची चोरी, संशय हिशेबनीस बाईवर, कारण कपाटाची किल्ली तिच्याकडे असते. ठाणे अंमलदाराने गुन्हा नोंदवला. जाताना अध्यक्ष माझ्या केबिनमध्ये डोकावला.

"अरे, आपण एका बसकरावरचे. बघ जरा."

"बघतो ना," मी म्हणालो. काय बघणार ते माझं मला माहीत होतं.

या बाईंना शाळेत सगळे अक्का म्हणत. आधी पतपेढीत काम केलेल्या, चाळिशीच्या, पगार अकरा हजार. मुलगी त्याच शाळेत नववीत, कर्मचाऱ्याची म्हणून निम्म्या फीत. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, हा कायदा मी नव्या फौजदारांना शिकवत असे. आणि त्या दिवशी मीच भर दुपारी महिला शिपाई पाठवून अक्कांना ठाण्यात आणलं. अख्ख्या बाजारपेठेने पाहिलं.

"साहेब, मी कागद नाही दिले," त्या बसताच म्हणाल्या.

"ते राहू द्या. भाडं खरंच बायकोला जातं?"

"जातं. करार आहे."

"आणि बसचे जास्तीचे किती लावतात?"

चार तास हेच चाललं. मला चोर नको होता, मला अध्यक्ष हवा होता. अक्का प्रत्येक प्रश्नाला मोजकं, खरं उत्तर देत होत्या, आणि मधून मधून घड्याळाकडे बघत होत्या. मुलीची बस साडेचारला यायची. सूर्यास्ताआधी मी त्यांना सोडलं आणि फार कायदेशीर वागल्याच्या थाटात डायरीत वेळ टाकली.

दुसऱ्या दिवशी एका सनदी लेखापालाला कागद दाखवले. त्याने चष्मा वर केला.

"साहेब, भाड्याचा करार नोंदवलाय, बसची निविदा आहे, गणवेशाच्या पावत्या आहेत. नफा आहे, पण तो शाळेत राहत नाही, घरी जातो. आणि जातो तो रीतसर. तुम्ही यात कलम कुठलं लावणार?"

माझं तोंड एवढंसं झालं. त्याच संध्याकाळी कळलं की अक्कांना शाळेने कामावरून काढलंय आणि मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला घरी पाठवलाय. सहामाही परीक्षा आठ दिवसांवर होती. मला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, अध्यक्ष निसटल्याचं त्याहून जास्त वाटलं.

चार दिवसांनी आमचे हवालदार एक पावती नाचवत आले. त्यांच्या वडिलांनी अध्यक्षाच्याच जिनिंगवर कापूस घातला होता.

"बघा साहेब, क्विंटलला दोन किलो घट धरली! कापूस काय ओला होता का आमचा?"

मी हसत पावती हातात घेतली, आणि हसू जागीच थांबलं. शंभर किलो कापसामागे रुई किती, सरकी किती, घट किती. लिफाफ्यातला कागद काढून शेजारी ठेवला. शंभर मुलांमागे पगार किती, भाडं किती, आणि शेवटच्या रकान्यात, वर्ष अर्धवट सोडून जाणारी मुलं : घट. त्यांची फी परत करत नाहीत, म्हणून ती रक्कम नफ्यात धरलेली. अक्कांची शाळेतली नोंदवही जप्त करून मुद्देमालात ठेवली होती. ती उघडली. शाळा सोडणाऱ्या मुलांपुढे त्यांनी दरवर्षी 'गळती' लिहिलं होतं. शाळेतलं माणूस तेच लिहिणार. मुलांची घट धरणारा माणूस आयुष्यभर कापूस तोलत बसलेला असणार. हा कागद पहिल्या दिवसापासून माझ्या टेबलावर होता, आणि मी कापूस विकणाऱ्या बापाचा मुलगा.

जिनिंग अध्यक्षाचा धाकटा भाऊ सांभाळायचा. संस्थेचा विश्वस्तही तोच, म्हणून ताळेबंद सहीला त्याच्या घरी जायचा. त्याला ठाण्यात बोलावलं, पाणी दिलं आणि दोन्ही कागद पुढ्यात ठेवले. त्याने फार ताणलं नाही.

"हो, मीच लिहिलं."

"भावाविरुद्ध?"

तो एकदम आमच्या गावच्या बोलीवर आला, पैसा सगळा जिनिंगचा आणि नाव मात्र भावाचं म्हणून. "बठ्ठा पैसा जिनिंगना शे साहेब, आन् नाव त्यानं! कलेक्टर येस तं त्याले हार, मी मांगे उभा. मी सरकीना धुळामा खोकत बसस. डोया जळतस मना!"

"आणि अक्कांचं नाव का घातलंस?"

"संशय कोणावर तरी जायला हवा होता," तो खाली बघत म्हणाला. मग मान वर केली. "साहेब, तुम्ही बी त्याच्या वर्गातले ना? तुमले काहीच नही वाटस?"

मी जबाब पुरा केला, सही घेतली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

चोर घरातलाच निघाल्यावर अध्यक्षाची घाई बघण्यासारखी होती. विश्वस्ताने स्वतःच्या संस्थेचे कागद घेतले, ती चोरी ठरत नाही. मी 'क' समरी पाठवली, म्हणजे गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला असं लिहून प्रकरण मिटवलं. पालक गेटवरून कधीच पांगले होते. फी एक रुपयाने उतरली नाही, आणि पुढच्या जूनमध्ये प्रवेशाची रांग वाढलेली मी डोळ्यांनी पाहिली.

प्रकरण मिटलं त्याच आठवड्यात अध्यक्ष आभार मानायला आला. "तुझ्या मुलीला घाल आमच्याकडे. फीचं बोलायचंसुद्धा नाही."

जे वर्षभर डोळ्यांत खुपत होतं ते त्याने तळहातावर ठेवलं. मी म्हणालो, "माझी राहू दे. अक्कांना परत घे, आणि त्यांच्या मुलीला."

"पोरीला घेतो. बाईला नाही. पोलिसांनी नेलेली बाई हिशेबाला कशी बसवू? पालक काय म्हणतील?"

तेवढंच घेऊन मी अक्कांच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर जरा ऐटीतच गेलो. मुलगी नगरपालिकेच्या शाळेचा गणवेश घालून ओसरीवर अभ्यास करत होती. अक्कांनी पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं.

"नको साहेब. ती रुळतेय तिथे."

"अक्का, तुमच्यावरचा संशय गेलाय."

"माझ्यावर तुमचा संशय होताच कुठे?" त्या शांतपणे म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही मला त्यांना किती मिळतं हे चार तास विचारलंत. कागद कोणाच्या हातात जातात हे एकदाही नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की ताळेबंद दरवर्षी धाकट्या भाऊंच्या घरी सहीला जातो."

मी ठाण्यात परतलो आणि त्यांचा जबाब काढून वाचला. सहा पानं. भाडं, बस, गणवेश, पाटी. कागद कोणाकडे जातात, हा प्रश्न खरोखरच कुठे नव्हता.

तपास अधिकाऱ्याने लाच घेऊ नये, दबावाला बळी पडू नये, हे सगळे शिकवतात. मी दोन्हीपैकी काहीच केलं नव्हतं. मी फक्त जळत होतो. त्यानंतर कोणताही जबाब घ्यायच्या आधी मी स्वतःला विचारायचो, यातलं तुला स्वतःसाठी काय ऐकायचंय? दीडेक वर्षाने अक्कांची मुलगी दहावी पास झाल्याचं हवालदारांकडून कळलं. पेढे द्यायला अक्का ठाण्यात आल्या होत्या, हवालदारांसाठी. माझी केबिन उघडी होती, पण आत त्या आल्या नाहीत.