कड्यावरचे चुन्याचे ठिपके

जवळून पाहून चुकणारी माणसं उज्जैनमध्ये गल्लोगल्ली सापडतील. दुरून पाहून बरोबर निघणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा थोरला दीर होता. सरकारी मोजणी खात्यात जन्म घालवलेले हे काका आमच्या माधव नगरच्या घरात शिरले तरी आधी फाटकातून भिंतीचा कल पाहून घेत. आत्याच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी जाहीर केलं, "मांडव पूर्वेला कललाय, पंगत पश्चिमेला बसवा." व्याही चिडले, आणि ऐन जिलबीच्या वेळी पूर्वेचा खांब आडवा झाला. देवास गेटवरून बस पकडताना ते आपल्या थिओडोलाइटच्या, म्हणजे मोजणीच्या दुर्बिणीच्या, पेटीला खिडकीची जागा देत आणि स्वतः उभे राहत. कंडक्टर म्हणे, "बाबूजी, पेटी नीचे रख दो." काका म्हणत, "तू बैठ नीचे, तुझे धक्का लगा तो कुछ नहीं बिगडेगा."

शहराबाहेर काळ्या दगडाची खाण होती. देश स्वतंत्र झाल्याची बातमी तिच्या ठेकेदाराच्या कानावर गेली नसावी. उभ्या कड्याच्या पायथ्याशी बायका दिवसभर खडी फोडत. मी तिथे मजुरांच्या हक्कांची पत्रकं वाटायची आणि बायका त्यांत भाकऱ्या बांधायच्या. बायका त्या कड्याखाली बसतात, तो कधी अंगावर येईल सांगता येत नाही, अशी मी काकांकडे तक्रार केली, तर त्यांनी खात्याच्या कपाटातून लढाईच्या काळात विमानातून काढलेली दोन छायाचित्रं आणली, शेजारी मांडली आणि दोन भिंगांच्या चौकटीतून मला बघायला लावली. कागदातून टेकडी चक्क उभी राहिली! तिच्या माथ्यावर झुडपांची एक बारीक काळी रेघ होती. "ही भेग," काका म्हणाले. "झुडपं ओल शोधत आत उतरलीत. आता कडा सरकतोय का, ते पाहू."

मग खाणकामगारांना दोराने सोडून कड्यावर चुन्याचे ठिपके काढवले, आणि काका दोन शेतं पलीकडच्या टेकाडावर रोज सकाळी यंत्र लावू लागले. पावलांनी जमीन हादरू नये म्हणून चपला काढायच्या, श्वास धरायचा, भिंगावर मान झुकवायची आणि आकडे ओठांतल्या ओठांत म्हणायचे. ठिपके खाली येत होते. काकांनी नकाशासकट अहवाल पाठवला. पण आमच्या मध्य भारत राज्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. कागद पोचेपर्यंत सरकार बिऱ्हाड बांधून निघालेलं असे! मी संतापून तीन पत्रकं काढली. ठेकेदार म्हणाला, "बाई, पहाड कभी चलता है?"

एके सकाळी काका भिंगाला डोळा लावूनच किंचाळले, "ठिपका गेला!" आम्ही खाणीत धावलो. सगळ्यात खालच्या ठिपक्यावर शेंदूर थापलेला, पुढे नारळ, वर लाल झेंडी. इतका शिकलेला म्हातारा रोज अनवाणी उभा राहून, मान लववून, इकडे तोंड करून पुटपुटतो म्हटल्यावर तिथे माताजी असणारच, हे बायकांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं.

काकांचा तोल गेला. "कशाची माता? माझं माप घालवलंत! अरे, ये तो हफ्ते में उंगलीभर नीचे आ रही है!"

सगळ्यांत म्हातारी बाई हातोडा ठेवून उठली. "माताजी खुद उतर री है, तो हम नीचे काय को बैठें?" तिच्यामागे सगळ्या उठल्या. ठेकेदार ओरडत राहिला. अंधश्रद्धेवर लिहायला घेतलेलं पुढचं पत्रक मी घडी करून पिशवीत टाकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कडा खाली आला. खडी, हातोडे, झेंडी सगळं गाडलं गेलं. खाली एकही माणूस नव्हता. मी नाचतच काकांकडे गेले. "काका, तुमचा विजय!"

"माझा कसला गं? माझा आकडा कोणी वाचला?"

"उठल्या ना पण!"

"उठल्या," ते म्हणाले, आणि बराच वेळ रुमालाने भिंग पुसत राहिले.

पुढे नवं राज्य झालं, भोपाळ राजधानी झाली, आणि खातं, कपाटं, छायाचित्रं आणि काका सगळंच तिकडे गेलं. ठेकेदाराने शेजारचीच टेकडी कापायला घेतली आहे. मी अजून तिथे जाते. बायका विचारतात, "बाई, काकाजी ने क्या बोला? बैठें के नहीं?" भोपाळला पत्र टाकलंय, असं मी सांगते. आणि दर वेळी म्हणते, "नका बसू." त्या क्षणभर माझ्याकडे पाहतात, पदर खोचतात आणि कड्याखाली बसतात.